छप्परवाल्या घराचा भाव

मी कमी बोलतो. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझ्या सासूबाईंना वाटत होतं की जावयाला ऐकायला कमी येतं. त्या माझ्याशी ओरडून बोलायच्या आणि मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही, कारण त्यासाठीही बोलावं लागलं असतं. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. त्याच्या तोंडून जे काही थोडंफार बाहेर पडतं ते खरंच असणार, असा लोकांचा हिशोब असतो. या हिशोबावर मी आयुष्यात एक मोठं खोटं खपवलं. ते बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, फेडायला माझी निवृत्ती उलटून जाईल. आता सांगून टाकतो.

आधी घराविषयी. माझे वडील विमा कंपनीत होते, मूळ रत्नागिरीकडचे. बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. मुरलीपुऱ्यात त्यांनी दोनशे गजांचा प्लॉट घेतला. इथे जागेचं बोलणं गजात चालतं, फुटांत बोललात की लोक तुम्हाला पाहुणा समजतात. प्लॉट घेतला तिथपर्यंत सगळं जगासारखं होतं. मग त्यांनी घरावर उतरतं कौलारू छप्पर घालायचं ठरवलं. कोकणात पावसाला दुसरं काय चालतं? जयपूरचा मिस्त्री नकाशा बराच वेळ उलटासुलटा करून पाहत होता. शेवटी म्हणाला, "साहब, छप्पर तो बन जाएगा। पानी कहाँ से लाओगे?"

छप्पर झालं. कौलं ट्रकने आली. अख्ख्या गल्लीत सपाट गच्च्या, गच्च्यांवर पापड, मिरच्या, खाटा. मधे आमचं एक घर टोपी घातल्यासारखं. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर चढून पतंग उडवतं. आमचं त्या दिवशी काम एकच: गल्लीभरचे कटलेले पतंग आमच्या कौलांत अडकायचे आणि ते काढायला येणारी पोरं दर वर्षी डझनभर कौलं फोडून जायची. उरलेली माकडं फोडायची. वडील उन्हाळ्यात स्वतः शिडी लावून कौलं बदलायचे. पोस्टमन, गॅसवाला, रिक्षावाला, सगळ्यांच्या तोंडी आमचा पत्ता एकच, "छप्परवाला मकान".

वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने मला आणि ताईला समोर बसवलं.

"माझ्या डोळ्यांदेखत वाटणी करा," आई म्हणाली. "मी गेल्यावर भांडलात तर मला ऐकायलासुद्धा मिळायचं नाही."

"आम्ही कशाला भांडू?" ताई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात हो. मग कोर्टात वकील भांडतात."

ठरलं ते सरळ होतं. आई आणि मी राहतो ते घर माझ्या नावावर व्हायचं. आईने आपला हक्क सोडायचा, ताईनेही. आणि घराची जी किंमत होईल तिची अर्धी मी ताईला द्यायची. ताई माझ्याहून मोठी. भावोजी फौजेतून निवृत्त झाल्यावर ती दोघं जगतपुऱ्याला फ्लॅट घेऊन राहिली, सहाव्या मजल्यावर. तिथली लिफ्ट चालते तेव्हा सोसायटीच्या ग्रूपवर अभिनंदनाचे संदेश येतात. ताईचे गुडघे गेलेले. त्याच सोसायटीत तळमजल्याचा एक फ्लॅट विकायला निघाला होता आणि ताईचं सगळं लक्ष त्यावर होतं. माझ्याकडून येणारी रक्कम आणि तिचा वरचा फ्लॅट विकून येणारी, अशी बेरीज ती मनात रोज करत असणार. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "मतलब, घाई नाहीये. पण गुडघ्यांना घाई आहे."

"किंमत कोण काढणार?" मी विचारलं.

"तूच काढ ना. आपल्या आजूबाजूची, आपल्याएवढ्याच प्लॉटची तीन विकलेली घरं बघ. कितीला गेली ते विचार. आपलं घर त्यांच्यापेक्षा कशात कमी, कशात जास्त ते बघून आकडा सांग. तू सांगशील तो मला मंजूर." मग आईकडे वळून म्हणाली, "हा कधी खोटं बोलत नाही ना."

मी पाणी प्यायला आत गेलो.

आता, जयपुरात शेजारचं घर कितीला गेलं हे शोधणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रजिस्ट्रीच्या कागदावर सरकारी दराच्या आसपासचा आकडा असतो, त्याचा खऱ्या भावाशी दूरचं नातं असल्यासारखा संबंध. खरा भाव माणसांच्या पोटात असतो. विकणारा तो चढवून सांगतो, म्हणजे आपण फसलो नाही हे कळावं. घेणारा उतरवून सांगतो, म्हणजे आपण किती हुशार हे कळावं. दोघांकडे चहा प्यायचा आणि मधला आकडा धरायचा, अशी इथली रीत.

माझी बायको या कामात तरबेज आहे. ती सांगलीची, पण वीस वर्षांत तिने गल्लीची नाडी माझ्यापेक्षा चांगली ओळखली आहे. घेणाऱ्याच्या बायकोला ती म्हणते, "आपको तो बड़ा महँगा पड़ गया।" ती बाई लगेच उसळून खरा आकडा सांगते. विकणाऱ्याच्या बायकोला म्हणते, "सुना बहुत सस्ते में दे दिया?" तिथेही तेच. मला ती सोबत नेत नाही. म्हणते, "अहो, तुम्ही नुसतं बसता. त्या बायका घाबरतात."

पण पहिल्या घराच्या मालकाकडे मलाच जावं लागलं. ते मास्टरजी. आमच्या समोरच्याच रांगेत राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. घर विकून झोटवाड्याला मुलाकडे गेले होते. स्कूटरवर तिथे पोहोचलो तर मास्टरजींनी मला मिठीच मारली. गल्लीत असताना त्यांनी मला कधी मिठी मारली नव्हती. गरम कचोऱ्या मागवल्या, सोबत कढी. मी म्हटलं, घरचा प्रश्न आहे, बहिणीचा वाटा द्यायचाय, तुमचं घर कितीला गेलं ते खरं सांगा.

"आपसे क्या छिपाना! एक पैंतीस।"

म्हणजे एक कोटी पस्तीस लाख. मला ठसका लागला. माझ्या अंदाजाने आमच्या गल्लीत एक दहाच्या वर काही नव्हतं.

"एक पैंतीस? कैसे?"

"आपकी वजह से!" मास्टरजी म्हणाले आणि माझ्या ताटलीत आणखी एक कचोरी घातली. "खरीदार एक दस पर अड़ा था। मैंने कहा, भाई, सामने छप्परवाला मकान है। उनको एक सैंतीस का ऑफ़र आया और उन्होंने मना कर दिया। छप्पर वाले को एक सैंतीस, तो मेरी तो पक्की छत है! हाँ, मेरा मुँह दक्षिण की तरफ़ है, इसलिए दो कम कर दिए।"

कचोरी माझ्या हातातच राहिली.

एक सैंतीस, म्हणजे एक कोटी सदतीस लाख. हा आकडा मी ओळखत होतो. तो माझाच होता.

वडील गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली सकाळ. कोपऱ्यावरच्या बागेत म्हातारी मंडळी उन्हाला बसली होती. वडील कानटोपी घालून बाकावर, शेजारी मी, समोर मास्टरजी आणि एक प्रॉपर्टीवाले भाईसाहब. हे भाईसाहब जागांचे सौदे करून देतात आणि बागेत फिरायला म्हणून येतात. फिरताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. म्हाताऱ्यांचा आवडता खेळ चालला होता: गल्लीतल्या एकेका घराचा भाव करायचा. आमच्या घरापाशी आले तेव्हा मास्टरजी म्हणाले, "इनका क्या आएगा? खरीदने वाला तो तोड़ेगा ही। प्लॉट का दाम लगाओ, उसमें से मलबा उठाने का खर्चा घटा दो।"

सगळे हसले. वडिलांचं हिंदी ऑफिसपुरतंच होतं, पण "मलबा" कळला. त्यांनी कानटोपी खाली ओढली.

आणि मी बोललो. "पिछले महीने एक सैंतीस का ऑफ़र था। हमने मना कर दिया।"

कुठलाही ऑफर नव्हता. आमच्या दारावर मागच्या महिन्यात भंगारवाल्याखेरीज कुणी आलं नव्हतं. सैंतीसच का, तेही मला माहीत नाही. चाळीस म्हटलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते, गोल आकडा गप्पांचा असतो. सैंतीस म्हणजे कुणीतरी मोजून दिलेला. भाईसाहबांनी विचारलं, "किसका ऑफ़र था?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कुणी उत्तर दिलं नसतं तर ती थाप ठरली असती. मी दिलं नाही, तर तो माझा स्वभाव ठरला.

हे मी वडिलांसाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसं नाही. ते हसले ते मला झोंबलं. वडिलांसाठी केलं असतं तर घरी जाताना त्यांना खरं सांगितलं असतं. वाटेत त्यांनी विचारलं, "कोण आला होता रे?" आणि मी म्हटलं, "दिल्लीचा एक होता." ते थांबले. काठी टेकून म्हणाले, "म्हणजे त्याला कौलांची किंमत कळली." पुढचा आठवडाभर ते अंगणात खुर्ची टाकून कौलांकडे पाहत बसत होते. आईलाही सांगितलं त्यांनी. आईने ताईला फोनवर सांगितलं. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

झोटवाड्याहून परत येताना मी स्वतःला समजावलं की एक घर बिघडलं म्हणून काय झालं, अजून दोन आहेत.

दुसरं घर कोपऱ्यावरचं. ते एका नळाच्या फिटिंग बनवणाऱ्या कारखानदाराने घेतलं होतं. चाळिशीचा, आदबशीर माणूस. बायकोने त्याच्या बायकोकडून आकडा आधीच आणला होता, एक एक्केचाळीस. मी फक्त खात्री करायला गेलो. तो म्हणाला, "अंकल, मास्टरजी वाला एक पैंतीस में गया था, दक्षिणमुखी। आपका एक सैंतीस का ऑफ़र था, बिना कोने का। तो हमने कोने के चार जोड़ दिए। ठीक ही लगा ना?"

या माणसाने माझ्या तोंडच्या शब्दावर कष्टाचे पैसे मोजले होते. मी जे आजवर केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. म्हटलं, "बेटा, एक बात बतानी है। वो जो एक सैंतीस का ऑफ़र था ना, वो..."

"आ गया दोबारा?" त्याचे डोळे चमकले. "अब कितना बोल रहा है?"

"नहीं, नहीं। वो ऑफ़र था ही नहीं। मैंने ऐसे ही बोल दिया था।"

तो उठला आणि त्याने जिन्याचं दार लावून घेतलं. "धीरे बोलिए अंकल। ऊपर किरायेदार हैं।" माझ्या शेजारी येऊन बसला, आवाज खाली करून म्हणाला, "मैंने इसी मकान पर बैंक से कारखाने के लिए लोन उठाया है। आप किसी को मत कहिएगा। आपने मुझे भी नहीं कहा, मैंने भी नहीं सुना। चाय लेंगे?"

मी चहा घेतला.

तिसरं घर मी मुद्दाम लांबचं शोधायचं ठरवलं, जिथे माझा शब्द पोहोचला नसेल. सीकर रोडच्या बाजूला मागच्या एका गल्लीत एक घर विकलं गेल्याचं ऐकलं होतं. तो सौदा भाईसाहबांनी करून दिला होता. त्यांच्या दुकानात गेलो. टेबलावर काच, काचेखाली देव, देवांखाली नकाशे.

"एक अड़तीस," भाईसाहब म्हणाले. "सामने पार्क है, एक ज़्यादा। नहीं तो आप वाला रेट ही था।"

"मेरा वाला?"

"आपके नाम पर तीन सौदे करवाए हैं साहब! पार्टी पूछती है, रेट कैसे मानें? मैं कहता हूँ, मराठी साहब से पूछ लो। वो न झूठ बोलते हैं, न ज़्यादा बोलते हैं।" मग त्यांनी माझ्यासमोरच कागदाच्या कडेला हिशोब मांडला. पस्तीस, एक्केचाळीस, अडतीस. सरासरी अडतीस. "और छप्पर उतरवाने का एक कम कर लो। कितना आया? एक सैंतीस! देखिए, बाज़ार झूठ नहीं बोलता।"

माझा आकडा दोनेक वर्षं गल्लीगल्लीत हिंडून, लोकांकडचे चहा पिऊन घरी परत आला होता.

माझा चेहरा पाहून भाईसाहबांना वाटलं की मला रक्कम जड वाटते आहे. ते पुढे वाकले. "साहब, बहनजी को पूरा आधा क्यों दे रहे हैं? हमारे यहाँ तो बहन हक़-त्याग कर देती है। भाई चुनरी ओढ़ाता है, जिमाता है, बस। बहन भी खुश, मायका भी बना रहा।"

इथे ही रीत आहे खरी. बहीण कचेरीत जाऊन सही करते, भाऊ तिच्या खांद्यावर चुनरी घालतो, तिला जेवू घालतो, आणि बऱ्याच बहिणी खरोखरच हसतमुखाने सही करतात, कारण माहेरचं दार उघडं राहायला हवं असतं. भाईसाहब हे बोलले तेव्हा मी रागावून उठायला हवं होतं. मी उठलो, पण रागावलो नाही. दारापर्यंत जाईतो माझ्या मनात चुनरीची किंमत येऊन गेली. हेही आज लिहून टाकतो.

घरी बायको मटार सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, बागेपासून. तिने शेंगा बाजूला ठेवल्या. मग हसायला लागली ती थांबेचना, मटार ओट्याखाली गडगडत गेले.

"म्हणजे दिल्लीचा माणूसच नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी दिवाळीला तुमच्या भाचीला सांगत होते, दिल्लीवाल्याने दोनदा फोन केला म्हणून!"

"दोनदा? फोन तर मी एकदाही म्हटलं नव्हतं."

"ते मी घातलं," बायको म्हणाली आणि डोळे पुसले. मग तिने हिशोबाचं बोलायला घेतलं. "हे बघा. एक दहा धरलं तर ताईंना पंचावन्न द्यायचे. एक सदतीस धरलं तर साडेअडुसष्ट. मधे साडेतेरा लाखांचा फरक. आता तुम्ही ताईंना जाऊन सांगणार, मी खोटं बोललो होतो, भाव खरा नाही, म्हणून तुला साडेतेरा कमी. त्या काय म्हणतील?"

"काय?"

"म्हणतील, माझ्या भावाने मोठी कमाल केली. जन्मात पहिल्यांदा खरं बोलला, आणि तेही साडेतेरा लाख वाचवायला."

हा पेच मला तोवर दिसला नव्हता. सांगितलं नाही तर मी बहिणीशी अजूनही खोटाच. सांगितलं तर माझं खरं बोलणं नेमकं माझ्याच खिशात पडणार. मी दोन दिवस घरात नुसता फिरलो. आईने विचारलं, "पोट बिघडलंय का?" मी हो म्हटलं.

रविवारी जगतपुऱ्याला गेलो. लिफ्ट बंद होती. वर पोहोचलो तेव्हा मला धाप लागली होती, आणि मला वाटलं की ताई हे चढते कशी. ती चढत नव्हतीच. भावोजी म्हणाले, "ती गेल्या आठवड्यात खाली उतरलेली नाही. भाजी मी आणतो, वाईट आणतो, मग बोलणी खातो." ते आम्हाला दोघांना सोडून बाजारात गेले, वाईट भाजी आणायला.

मी सांगितलं. सगळं. तिन्ही घरं, सरासरी, मलबा, कानटोपी, दिल्ली. चुनरीचंही. ताई मधे एकदाही बोलली नाही, जे माझं काम असतं.

मग म्हणाली, "वा! लोकांना सांगताना चढा भाव, बहिणीला देताना उतरता."

"म्हणून तर सांगायला आलो."

"म्हणून की साडेतेरासाठी?"

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. ते खरं होतं.

तिने विचारलं, "बाबांनाही तेच सांगितलंस? दिल्लीवाला?"

"हो."

"मला फोनवर बोलले होते ते. आईच्या हातून फोन घेऊन. कधी घेतात का ते फोन? म्हणाले, तुझ्या भावाला माणूस विचारायला आला होता, घर द्यायचं का. आम्ही नाही म्हटलं." ती थोडं हसली. "आम्ही! मतलब, ते पण नाही म्हणाले होते त्यात."

तिनेच पुन्हा विचारलं, "त्या नळवाल्याने खरे पैसे मोजले ना?"

"मोजले."

"मास्टरजींनी घेतले?"

"घेतले."

"मग ते खोटं कसं? अच्छा, ते सोड. मला एक सांग. आत्ता खाली कुणी येऊन उभा राहिला, रोख एक सदतीस घेऊन. देशील घर?"

"नाही," मी म्हटलं.

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. विचार करून बोललो असतो तर वेगळं बोललो असतो, किंवा नेहमीसारखा गप्प बसलो असतो. ताईने गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू उठली.

"मग झालं तर. तुझ्याच तोंडाने झालं. एक सदतीसला जे तू देणार नाहीस, ते मी एक दहाला का देऊ?"

ती चहा करायला आत गेली. आतून म्हणाली, "आईला यातलं काही सांगू नकोस. आणि एक काम कर, पुन्हा कधी बागेत बोलू नकोस."

भविष्यनिर्वाह निधीतून काही काढले, उरलेल्याचं कर्ज घेतलं. कर्ज देणाऱ्या बँकेचा किंमत काढणारा माणूस घर पाहायला आला. कौलांकडे बघून नाक मुरडलं, मग म्हणाला, "वैसे इधर रेट तो ठीक चल रहा है।" मी काही बोललो नाही.

सही करायला आम्ही तिघं गेलो. कचेरीतल्या बाबूने कागद ताईपुढे सरकवला. "अपनी मर्ज़ी से हक़ छोड़ रही हैं ना, बहनजी? भाईसाहब, चुनरी लाए हैं? नहीं तो बाहर मिल जाएगी।"

माझ्या आधी आईच बोलली. चाळीस वर्षं जयपुरात राहूनही तिचं हिंदी रत्नागिरीतच राहिलेलं आहे. "चुनरी-बिनरी कुछ नहीं। पूरा पैसा दिया है मेरे लड़के ने। लड़की के हाथ में। पूछो उसको।"

बाबू ताईकडे पाहत राहिला. "पूरा?"

"एक रुपया कम नहीं," ताई म्हणाली आणि सही केली.

बाहेर येताना ती माझा हात धरून एकेक पायरी उतरत होती. आई पुढे जाऊन रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत होती. ताई मधेच थांबली.

"आता तरी खरं सांग. तुझ्या मते किती असेल रे?"

"मला खरंच माहीत नाही, ताई."

"मग बागेत इतकं ठाम कसा बोललास?"

"ठाम नव्हतो बोललो. फक्त पुढे काही बोललो नाही."

ती हसत हसत पायरीवरच बसली. लोक वळून पाहायला लागले. आई रिक्षातून ओरडली, "अरे, काय झालं तिला? पैसे कमी भरले का?" ताईने हातानेच नाही म्हटलं. डोळे पुसून मला म्हणाली, "उद्या तळमजल्यावाल्याकडे बोलणी आहेत. तू चल."

"मी काय बोलणार तिथे?"

"बोलायचं नाहीच आहे. माझ्या शेजारी नुसता बस."

मी गेलो. मालक तरतरीत, बोलका माणूस होता. त्याने सोसायटीतल्या विकलेल्या फ्लॅटांचे भाव सांगितले, ताईने ऐकून घेतले. मग तो माझ्याकडे वळला, "आप क्या कहते हैं, भाईसाहब?" मी छताकडे पाहिलं. मला खरंच काही सुचत नव्हतं. तो थांबला, पुन्हा पाहिलं, रुमालाने मान पुसली, आणि आपणहूनच दोन लाख उतरला. थोड्या वेळाने आणखी एक.

ताई आता तळमजल्यावर राहते. भाजी स्वतः आणते. त्या मालकाचं मात्र मला अजून वाईट वाटतं. ते मी ताईला सांगितलेलं नाही.